मल्टिकास्ट राउटिंग रिसीव्हरच्या बाजूने लावत जावे

सांगली, मिरज आणि कुपवाड या परिसरात नेटवर्कची कामे करताना गेल्या काही वर्षांत एकाच प्रकारची मागणी वारंवार समोर येऊ लागली आहे. शिक्षणसंस्थेला सभागृहातील व्याख्यान सगळ्या इमारतींतील पडद्यांवर एकाच वेळी दाखवायचे असते, एमआयडीसीतील कारखान्याला एकच सूचना प्रत्येक शेडमधील आयपी स्पीकरवर एकाच क्षणी ऐकवायची असते, तर मिरजेच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाला कॅमेऱ्यांचे तेच चित्र सुरक्षा कक्षात, प्रशासकीय कार्यालयात आणि रेकॉर्डिंगच्या सर्व्हरवर हवे असते. या सगळ्यांसाठी योग्य साधन मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रवाह मागणी करणाऱ्या सगळ्यांना एकदम पोहोचवण्याची पद्धत, हेच आहे, आणि तरीही बहुतेक ठिकाणी ते अर्धवट लावलेले आढळते. एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका स्वतंत्र विभागात, चित्र येते आणि शेजारच्या व्हीलॅनमध्ये येत नाही. किंवा चित्र नीट सुरू होते आणि काही मिनिटांत थांबते. कॉन्फिगरेशनच्या आज्ञा मोजक्या आहेत आणि त्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळतात. अडचण येते ती विचाराच्या दिशेमुळे.

युनिकास्टमध्ये, म्हणजे एकाकडून एकालाच पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, राउटर पॅकेटचा मुक्कामाचा पत्ता पाहतो आणि त्याला पुढे ढकलतो. मल्टिकास्टमध्ये मुक्कामाचा पत्ता हा एका ग्रुपचा असतो आणि त्या ग्रुपमध्ये कोण आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊकच नसते. त्यामुळे मार्ग आखला जातो तो मागणी करणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे. आपल्या जिल्ह्यात ताकारी किंवा म्हैसाळ योजनेच्या लाभक्षेत्रात जसे शेतकऱ्यांचे पाणीमागणीचे अर्ज आधी येतात, त्यावरून कोणत्या वितरिकेला आणि कोणत्या चारीला पाणी सोडायचे हे ठरते आणि मगच मुख्य कालव्यातून पाणी खाली येते, तसाच हा क्रम आहे. हा क्रम मनात पक्का बसला की पुढील प्रत्येक आज्ञेचे कारण आपोआप कळते, आणि म्हणूनच कॉन्फिगरेशन करताना व दोष शोधतानाही रिसीव्हरपासून, म्हणजे प्रवाह घेणाऱ्या उपकरणापासून, सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, एका संस्थेचे मुख्य संकुल विश्रामबागेत आहे आणि शाखा मिरजेत आहे, आणि दोन्ही १०० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनने जोडलेली आहेत. एका व्याख्यानाचा प्रवाह ४ एमबीपीएसचा आहे आणि मिरजेत ४० पडदे आहेत. युनिकास्टने पाठवायचे म्हटले तर १६० एमबीपीएस लागतील, म्हणजे लाइन पुरणारच नाही. मल्टिकास्टने त्याच लाइनवरून एकच प्रत जाते, ४ एमबीपीएसची, आणि पडदे ४० असोत वा ४००, हा आकडा बदलत नाही. स्टीव्ह डीअरिंग यांनी लिहिलेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १११२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात या पद्धतीचा जो पाया घातला गेला, तो आजही जवळपास तसाच वापरात आहे.

सुरुवात पत्त्यांपासून करावी लागते, आणि इथे घाई केली तर तिचा त्रास पुढे दीर्घकाळ होतो. मल्टिकास्टसाठी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखलेले आहेत, पण त्यांतील कोणताही उचलून वापरणे योग्य नाही. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटरच्या आपसातील कामासाठी आहे, राउटरना मार्ग शोधून देणारा ओएसपीएफ प्रोटोकॉल २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६ वापरतो, राउटरमध्ये मल्टिकास्टची वाट आखणारा पिम २२४.०.०.१३ वापरतो, आणि या पट्ट्यातील पॅकेट कोणताही राउटर पुढच्या सबनेटमध्ये पाठवत नाही. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २३९.०.०.०/८ हा पट्टा आहे. त्यातही एक बारकावा आहे. इथरनेटवर मल्टिकास्टचा मॅक पत्ता, म्हणजे स्विच पाहतो तो पत्ता, तयार होताना आयपी पत्त्यातील शेवटचे २३ बिटच घेतले जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येऊन पडतात. २३९.०.०.५ किंवा २३९.१२८.०.५ हा ग्रुप निवडला, तर त्याचा मॅक पत्ता ओएसपीएफच्या २२४.०.०.५ चाच होतो, आणि त्या मॅक पत्त्यावरील फ्रेम अनेक स्विच स्नूपिंगची (मागणी आलेल्या पोर्टवरच प्रवाह सोडण्याच्या सोयीची) पर्वा न करता सगळ्या पोर्टवर पसरवतात. म्हणून २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x हे दोन्ही पट्टे मी कधीही वाटपात घेत नाही. २३९.१०.१.० पासून व्याख्याने, २३९.१०.२.० पासून कॅमेरे आणि २३९.१०.३.० पासून सूचना यंत्रणा, असा एक साधा तक्ता आधी कागदावर करावा आणि तो संस्थेच्या फाइलमध्ये ठेवावा. कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण एकाच कंपनीच्या अनेक कॅमेऱ्यांत कारखान्यातून येणारा ग्रुप पत्ता एकच असू शकतो, आणि मग एका पडद्याने एका कॅमेऱ्याची मागणी केली तरी सगळ्या कॅमेऱ्यांचे प्रवाह त्याच्याकडे धावत येतात.

पत्ते ठरले की रिसीव्हरच्या व्हीलॅनकडे वळावे. संगणक किंवा पडदा आपल्याला कोणता ग्रुप हवा हे आयजीएमपी या प्रोटोकॉलने सांगतो. आवृत्ती दोन बहुतेक उपकरणांना येते. आवृत्ती तीनमध्ये ग्रुपबरोबर सोर्सही, म्हणजे प्रवाह कोणाकडून हवा हेही, सांगता येतो. व्हीलॅनमधील स्विच हे संदेश ऐकतो आणि ज्या पोर्टवरून मागणी आली त्याच पोर्टवर प्रवाह सोडतो. यालाच स्नूपिंग म्हणतात. मात्र स्नूपिंगला एक जोडीदार लागतो, तो म्हणजे क्वेरियर. ठरावीक वेळाने ‘कोणाला कोणता ग्रुप हवा आहे’ असे विचारणारे कोणीतरी त्या व्हीलॅनमध्ये असलेच पाहिजे. क्वेरियर नसेल तर पडदा सुरू होताना स्वतःहून पाठवलेल्या मागणीवर प्रवाह मिळतो, पण पुन्हा कोणी विचारत नाही, त्यामुळे पडदाही पुन्हा सांगत नाही, आणि मुदत संपल्यावर स्विच ती नोंद पुसतो. मानकाप्रमाणे ही मुदत २६० सेकंदांची आहे. ‘चित्र चार मिनिटे चालते आणि थांबते’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. व्हीलॅनच्या राउटर इंटरफेसवर पिम चालू केले की सिस्कोच्या उपकरणांवर आयजीएमपीही त्यासोबत चालू होतो आणि राउटरच क्वेरियर बनतो. ज्या व्हीलॅनला असा राउटर नाही, तिथे एका स्विचवर ‘आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर’ ही आज्ञा देऊन त्याला पत्ता द्यावा. अडचण आली म्हणून स्नूपिंगच बंद करण्याचा उपाय काही जण सुचवतात, आणि तो मला अजिबात मान्य नाही. त्याने चित्र येते खरे, पण प्रवाह व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर, अगदी साध्या प्रिंटरपर्यंतही, पोहोचू लागतो.

आता राउटरकडे. पुढील आज्ञा मी सिस्कोच्या पद्धतीने लिहीत आहे. ज्युनिपर, अरुबा किंवा लिनक्सवरील एफआरआर यांत शब्द वेगळे असले तरी क्रम हाच राहतो. पहिली आज्ञा संपूर्ण राउटरसाठी असते, ‘आयपी मल्टिकास्ट-राउटिंग’, आणि कॅटालिस्ट मालिकेतील अनेक स्विचवर तिच्यापुढे ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द जोडावा लागतो. त्यानंतर मार्गावरील प्रत्येक लेयर तीन (आयपी राउटिंग करणाऱ्या) इंटरफेसवर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ द्यावे. इथे ‘प्रत्येक’ या शब्दावर भर आहे. रिसीव्हरचा व्हीलॅन, सोर्सचा व्हीलॅन, कोअर स्विचमधील जोडण्या, मिरजेकडे जाणारी लाइन, राखीव लाइन आणि आरपीचा (पुढे येणाऱ्या मध्यवर्ती राउटरचा) लूपबॅक, म्हणजे राउटरमधील आभासी इंटरफेस, यांपैकी एकही सुटला तर साखळी तिथेच तुटते, आणि बहुतेक वेळा सुटतो तो राखीव लाइनचा इंटरफेस, कारण एरवी त्याची कोणाला आठवणच होत नाही. ‘शो आयपी पिम नेबर’ या आज्ञेने दोन्ही बाजू एकमेकींना दिसतात की नाही हे लगेच कळते. पिमचा हॅलो संदेश दर ३० सेकंदांनी जातो आणि १०५ सेकंद तो आला नाही तर शेजारी गेला असे मानले जाते.

डेन्स मोड वापरू नये. तो आधी सगळीकडे प्रवाह पसरवतो आणि ज्यांना नको त्यांनी नकार कळवावा अशी अपेक्षा ठेवतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर अशी पद्धत परवडत नाही. सिस्कोवर ‘स्पार्स-डेन्स’ असा एक मधला पर्यायही दिसतो, पण त्यात आरपी हरवला तर ग्रुप डेन्स पद्धतीवर घसरू शकतात, म्हणून तोही टाळावा.

स्पार्स मोडमध्ये रॉन्देव्हू पॉइंट, म्हणजे आरपी, हा मध्यवर्ती राउटर लागतो. रिसीव्हरला ग्रुप ठाऊक असतो पण सोर्स ठाऊक नसतो. सोर्सला रिसीव्हर ठाऊक नसतात. दोघांची गाठ आरपीवर पडते. रिसीव्हरजवळचा राउटर आरपीच्या दिशेने जॉइन संदेश पाठवतो. सोर्सजवळचा राउटर पहिली पॅकेटे रजिस्टर संदेशात गुंडाळून आरपीला युनिकास्टने पोहोचवतो. नंतर आरपी सोर्सच्या दिशेने स्वतः जॉइन करतो आणि रजिस्टर थांबवण्यास सांगतो. शेवटी, प्रवाह सुरू झाल्यावर, रिसीव्हरजवळचा राउटर सोर्सकडे जाणारा जवळचा मार्ग धरतो, आणि सिस्कोवर हे पहिल्या पॅकेटलाच घडते. यावरून हे लक्षात येईल की प्रवाह स्थिरावल्यावर आरपीवरून तो जाईलच असे नाही, आणि म्हणून आरपीसाठी फार मोठा राउटर घेण्याची गरज नसते. मात्र तो बंद पडला तर नवीन गाठीभेटी थांबतात, ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

आरपीची माहिती सगळ्या राउटरना कशी द्यायची, यावर ऑटो-आरपी व बीएसआर या माहिती आपोआप पसरवणाऱ्या पद्धती आणि थेट लिहून देणे असे तीन पर्याय आहेत. आठ-दहा राउटर असलेल्या संस्थेत मी निःशंकपणे तिसरा पर्याय सुचवतो. ‘आयपी पिम आरपी-ॲड्रेस १०.२५५.०.१’ ही एक ओळ प्रत्येक राउटरवर असली की पुढे वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. राखीव व्यवस्था हवी असेल तर ॲनिकास्ट आरपी करावे: दोन राउटरना लूपबॅक १ वर तोच १०.२५५.०.१/३२ पत्ता द्यावा, तो ओएसपीएफमध्ये जाहीर करावा, आणि दोघांमध्ये स्वतंत्र लूपबॅक ० च्या पत्त्यांवरून एमएसडीपीचे नाते जोडावे, म्हणजे एकाकडे नोंदवलेला सोर्स दुसऱ्यालाही कळतो. ‘आयपी एमएसडीपी ओरिजिनेटर-आयडी लूपबॅक०’ ही ओळ विसरू नये, आणि ओएसपीएफचा राउटर-आयडी हाताने लिहावा. अन्यथा दोन्ही राउटर तोच सामाईक पत्ता आपली ओळख म्हणून उचलू शकतात आणि मग युनिकास्ट राउटिंगच बिघडते.

हे दोन आरपी एकाच खोलीत ठेवण्यात मात्र अर्थ नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी नदीने ती ओलांडून शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला. नदीकाठच्या गावभागात तळमजल्यावर सर्व्हर रूम असलेल्या संस्थांनी एक आरपी विश्रामबागेच्या किंवा मिरजेच्या बाजूला ठेवावा, हे मी आग्रहाने सांगतो. वीज आणि लाइन गेली तरी दुसऱ्या संकुलातील अंतर्गत सूचना यंत्रणा त्यामुळे चालू राहते, आणि पुराच्या काळात तिचीच सर्वाधिक गरज असते.

या सगळ्यापेक्षा जिथे खरा वेळ जातो ती जागा म्हणजे आरपीएफ, म्हणजे उलट वाटेची, तपासणी. मल्टिकास्ट पॅकेट आले की राउटर त्याचा सोर्स पत्ता पाहतो आणि स्वतःला विचारतो, ‘या पत्त्याकडे मला जायचे असते तर मी कोणत्या इंटरफेसने गेलो असतो?’ पॅकेट त्याच इंटरफेसवरून आलेले असेल तर पुढे जाते, नसेल तर तिथेच टाकले जाते. यामुळे प्रवाह गोल फिरत राहण्याचा धोका टळतो. पण ज्या नेटवर्कमध्ये जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा आहे, तिथे युनिकास्ट उत्तम चालते, पिंग लागतो, वेबसाइट उघडते आणि फक्त मल्टिकास्ट बंद असते. विश्रामबाग आणि मिरज यांच्यात लीज्ड लाइन आणि ब्रॉडबँडवरील टनेल (आभासी खासगी जोडणी) असे दोन मार्ग असतील, आणि हाताने लिहिलेले स्टॅटिक रूट एका बाजूला एकीकडे व दुसऱ्या बाजूला दुसरीकडे दाखवत असतील, तर हा प्रसंग हमखास येतो. ‘शो आयपी आरपीएफ’ आणि पुढे सोर्सचा पत्ता, एवढीच आज्ञा देऊन राउटर कोणत्या इंटरफेसकडे व कोणत्या शेजाऱ्याकडे पाहतो आहे ते वाचावे. त्या इंटरफेसवर पिम नसेल, किंवा शेजारी राउटर पिम बोलत नसेल, तर उत्तर समोरच असते. दोन समान किमतीचे मार्ग असतील तर सिस्कोचा राउटर सहसा ज्या पिम शेजाऱ्याचा आयपी पत्ता मोठा त्यालाच निवडतो. दोन्ही मार्गांवर प्रवाह आपोआप वाटला जात नाही.

टनेलच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहितो, कारण तालुक्याच्या ठिकाणच्या शाखा बहुतेक वेळा अशाच जोडलेल्या असतात. सेवा देणाऱ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये आपले मल्टिकास्ट सहसा जात नाही, आणि साधा पॉलिसी-आधारित आयपीसेक (एन्क्रिप्शनचा) टनेलही ते वाहून नेत नाही. म्हणून पॅकेटला दुसऱ्या पॅकेटात गुंडाळणारा जीआरई टनेल करून त्यावर आयपीसेक लावावे आणि पिम टनेल इंटरफेसवर द्यावे. त्यानंतरही सोर्सकडे जाणारा युनिकास्ट मार्ग जर टनेलऐवजी दुसऱ्या इंटरफेसवरून असेल, तर आरपीएफ तपासणी फसते. अशा वेळी ‘आयपी एमराउट’ ने सोर्सचे सबनेट आणि आरपीचा पत्ता, दोन्ही टनेलच्या दिशेने आहेत असे राउटरला सांगावे. या आज्ञेचा युनिकास्टवर काहीही परिणाम होत नाही. ती फक्त आरपीएफसाठी वाचली जाते. पॅकेटच्या आकाराकडेही पाहावे. नेहमीच्या १५०० बाइटमधून जीआरईचे २४ बाइट वजा जाता १४७६ बाइट उरतात, आणि आयपीसेकमुळे त्याहून कमी. एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये १८८ बाइटचे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, एका यूडीपी पॅकेटात भरण्याची प्रथा असल्यामुळे तो प्रवाह आरामात मावतो. कॅमेऱ्याचा आरटीपी प्रवाह मात्र बऱ्याचदा जवळपास पूर्ण १५०० बाइटची पॅकेटे पाठवतो. टीसीपीसाठी एमएसएस (एका पॅकेटातील डेटाची मर्यादा) कमी करण्याचा नेहमीचा उपाय यूडीपीला लागू पडत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातच पॅकेटचा आकार कमी करावा.

सोर्सच्या बाजूला एकच मुद्दा, पण तो कायम तपासावा. मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल, म्हणजे ते किती टप्पे जाऊ शकते याचा आकडा, वेगळा सांगितला नाही तर तो १ असतो, आणि असे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपते. त्याच व्हीलॅनमध्ये चित्र येते आणि बाहेर कोठेच येत नाही, असे दिसले की पॅकेट उघडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये टीटीएल पाहावा आणि प्रवाह पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो वाढवून १६ किंवा ३२ करावा. राउटरवर तासन्‌तास शोधूनही हा दोष हाती लागत नाही.

दोष शोधण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. रिसीव्हरच्या व्हीलॅनच्या राउटरवर ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’ देऊन मागणी पोहोचली आहे का ते पाहावे. नसेल तर दोष स्विचमध्ये किंवा रिसीव्हरमध्येच आहे आणि पुढे जाण्याचे कारण नाही. मागणी असेल तर त्याच राउटरवर ‘शो आयपी एमराउट’ मध्ये ताराचिन्ह आणि ग्रुप अशी नोंद पाहावी आणि आरपीच्या दिशेचा इंटरफेस बरोबर आहे का ते तपासावे. मग आरपीवर जाऊन तिथे सोर्स आणि ग्रुप अशी जोडीची नोंद आहे का ते पाहावे. ती नसेल तर सोर्सचा राउटर रजिस्टर करत नाही, किंवा मधली फायरवॉल ते अडवते आहे. पिम हा टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही, त्याचा प्रोटोकॉल क्रमांक १०३ आहे, आणि फायरवॉलच्या नियमांत तो बऱ्याचदा राहून जातो. जोडीची नोंद असूनही बाहेर जाणाऱ्या इंटरफेसची यादी रिकामी असेल, तर वाट मधल्या एखाद्या राउटरवर तुटली आहे. ‘शो आयपी एमराउट काउंट’ मधील आरपीएफ अपयशाचा आकडा वाढत असेल, तर आधी सांगितलेल्या तपासणीकडे परत यावे. प्रत्यक्ष पडदे न लावता चाचणी करायची असेल तर आयपर्फ या चाचणीच्या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती वापरावी; तिसऱ्या आवृत्तीत मल्टिकास्ट नाही. राउटरलाच ग्रुपमध्ये बसवण्यासाठी ‘आयपी आयजीएमपी जॉइन-ग्रुप’ आहे, पण तिने प्रवाह राउटरच्या प्रोसेसरकडेही जातो, म्हणून ती चाचणीपुरतीच ठेवावी. कायमस्वरूपी प्रवाह ओढायचा असेल तर ‘स्टॅटिक-ग्रुप’ योग्य आहे.

सुरक्षेचा विचार याच टप्प्यावर करावा. वापरकर्त्यांच्या व्हीलॅनवर ‘आयपी पिम पॅसिव्ह’ दिले की तिथून कोणी खोटा राउटर उभा करू शकत नाही. मात्र ज्या व्हीलॅनवर दोन राउटर खरोखर आहेत तिथे ते देऊ नये. आरपीवर ‘आयपी पिम ॲक्सेप्ट-रजिस्टर’ ने कोणत्या सोर्सला कोणत्या ग्रुपवर बोलण्याची परवानगी आहे ते बांधून टाकावे. वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवरून सूचना यंत्रणेच्या ग्रुपवर आवाज पाठवला, तर तो सगळ्या इमारतींत ऐकू जाऊ नये, ही काळजी नेटवर्क उभारणाऱ्यानेच घ्यायची असते. इंटरनेटकडील इंटरफेसवर ‘आयपी मल्टिकास्ट बाउंडरी’ लावून २३९ चा पट्टा आतच ठेवावा.

आणि जिथे नवीन उभारणी होते आहे, रिसीव्हरना आयजीएमपी आवृत्ती तीन येते आणि सोर्स मोजके व ठरलेले आहेत, तिथे एसएसएमचा, म्हणजे सोर्स ठरवून मागण्याच्या मल्टिकास्टचाच, विचार करावा. २३२.०.०.०/८ हा पट्टा त्यासाठी आहे, राउटरवर ‘आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट’ आणि रिसीव्हरच्या इंटरफेसवर ‘आयपी आयजीएमपी व्हर्जन ३’ या दोन आज्ञा पुरतात, आणि रिसीव्हर स्वतःच सोर्सचे नाव सांगत असल्यामुळे आरपी, रजिस्टर आणि एमएसडीपी या तिन्हींची गरज उरत नाही. २०२० सालच्या आरएफसी ८८१५ ने वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमधील मल्टिकास्टसाठी सोर्स न सांगता ग्रुप मागण्याची जुनी पद्धत सोडून एसएसएम वापरण्याची शिफारस केली आहे. संस्थेच्या आतही तोच मार्ग अधिक स्वच्छ आहे असे मला वाटते. जुन्या पडद्यांना आवृत्ती तीन येत नसेल तर राउटरवर एसएसएम मॅपिंग करून ग्रुपला सोर्स जोडून देता येतो.

काम सोपवण्यापूर्वी एखाद्या रविवारी प्रवाह चालू ठेवून लीज्ड लाइन हाताने बंद करावी आणि राखीव मार्गावरून चित्र परत येते का ते पाहावे. आधी ओएसपीएफ नवा मार्ग शोधतो, त्यानुसार आरपीएफ बदलते, मग नव्या दिशेने जॉइन जातो. हे सगळे सुरळीत असेल तर खंड काही सेकंदांचाच असतो. त्यानंतर एक आरपी बंद करून नवीन रिसीव्हर जोडावा, आणि त्याला प्रवाह मिळाला की ग्रुपच्या तक्त्याची व कॉन्फिगरेशनची एक प्रत दुसऱ्या संकुलात ठेवावी.